हरण्याचं उजवं शिंग

बापू गेल्याचं मला गजूने सांगितलं तेव्हा मी एका वहीला कव्हर घालत होते. दसरा होऊन चार दिवस झाले होते. गजू म्हणजे बापूंचा मुलगा. तो चपला न काढता थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला, आणि आमच्या घरात असं कुणी करत नाही म्हणून मी रागावायलाच मान वर केली. तो म्हणाला, "मोठ्याई, बापू धुऱ्यावर बसले होते अंबाडीपाशी... म्या आवाज देल्ला, तर उठूनच नाई राह्यले." मी कात्री जागेवर ठेवली, कव्हराचा उरलेला कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि मग उठले. इतकं शांतपणे ते सगळं का केलं, हे मला अजूनही सांगता येत नाही. वही बापूंच्या रंगांची होती.

अन्वी आणि ईशान, त्या संध्याकाळी टोरांटोहून तुमचा फोन आला. अन्वी रडत होती. ईशानने मात्र रडण्याआधी विचारलं, "आजी, बेडकीला रंग लागला का?" मी "नाही" म्हणाले. डिसेंबरात तुम्ही पिंपळगाव राजाला याल तेव्हा बेडकी, बापूंची गाडी, तुम्हाला आहे तशीच, करड्या प्रायमरमध्ये उभी दिसेल. तसं का, ते तुम्हाला सांगायला हवं. बापूंना ओळखणारी माणसं वर्तमानपत्राची ही पुरवणीही वाचतात. त्यांनीही वाचावं, कारण त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी मला वाटेत थांबवून हेच विचारलं आहे.

बापू माझे धाकटे दीर. मी नागपूरहून लग्न होऊन या गावात आले तेव्हा ते खामगावला कॉलेजात होते आणि इंग्रजीत दुसऱ्यांदा नापास झाले होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तेव्हा त्यांना शिकवायची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी ते समोर बसायचे, आणि दहा मिनिटांत माझ्या टेबलावरच्या अलार्म घड्याळाचे स्क्रू त्यांच्या तळहातावर असायचे. इंग्रजी त्यांना शेवटपर्यंत आलं नाही, घड्याळ मात्र आजही चालतं.

वडिलांनी मला लग्नात एक लेडीज सायकल दिली होती, काळी, चकचकीत. गावातल्या शाळेत मी शिकवायला लागले तेव्हा तिच्यावरूनच जायचे. एका रविवारी बापूंनी विहिरीवरच्या पंपाला रंग दिला. रंग थोडा उरला. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी माझी सायकल रंगवली. हँडलपासून मडगार्डापर्यंत पंपाचा हिरवा. सोमवारी सकाळी ती अंगणात पाहिली तेव्हा मी त्यांच्याशी बोललेच नाही, आणि तो अबोला पुढे तीन आठवडे टिकला. पुढची कितीतरी वर्षं मी या गावात 'हिरव्या सायकलच्या बाई' होते. अबोला सुटला तो असा, की ते एक दिवस दाराशी उभे राहून म्हणाले, "वयनी, आता याच्यापुढं तुम्हाले इचारल्याबिगर म्या कशालेच रंग नाई लावनार." मला वाटलं, रुसवा काढायला म्हणताहेत. पण त्यांनी तो शब्द पन्नास वर्षं पाळला. घराच्या दाराला, बैलगाडीला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला... ब्रश हातात घेण्याआधी ते मला विचारायला यायचे, आणि मी काय उत्तर दिलं ते विसरू नये म्हणून मी एक वही केली. रंगांची वही सुरू झाली ती अशी.

बेडकी घरी आली त्याला आता बरीच वर्षं झाली. शोभा, बापूंची बायको, जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. खामगावच्या एका जुन्या जिनिंगचं गोदाम पाडायचं होतं, आणि तिथला जनरेटर बापूच दुरुस्त करत. कापसाच्या जुन्या गाठींमागे ती निघाली. दोन सीटची, वर टप नसलेली, लांब नाकाची विलायती स्पोर्ट्स कार. मालकांच्या घरातल्या कुणीतरी तरुणपणी हौसेने आणलेली आणि मग विसरून गेलेली. त्या घरच्या वृद्ध बाई बापूंना म्हणाल्या, ने बाबा, नाहीतरी उंदरांचीच झाली आहे. ट्रॉलीवर चढवून ती गावात आली तेव्हा वेशीपासून घरापर्यंत माणसं मागे होती. डोळे बटबटीत, तोंड रुंद, बसकी. कुणीतरी 'बेडकी' म्हणालं आणि तेच नाव पडलं.

इंजिन जुळवायला त्यांना दोन वर्षं लागली. पत्र्याचे पोचे काढायला एक. मग एका सकाळी ते हात पुसत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वयनी, वही काढा. बेडकीचा रंग ठरवाचा हाये." मला वाटलं, एका दुपारचं काम. मी टेबलावर रंगाच्या कंपनीचं कार्ड उघडून ठेवलं आणि म्हणाले, "लाल घ्या. स्पोर्ट्स कार लालच असते." ते त्या कार्डाकडे पाहून हसले. म्हणाले, "हे चौकोन हायेत. माही गाडी काय चौकोनी हाये?"

त्यांचं म्हणणं असं, की सपाट कागदावर रंग काहीच सांगत नाही. बेडकीच्या अंगाला सगळीकडे बाक आहे. अर्ध्या अंगावर ऊन आणि अर्ध्यावर सावली. रंग दोन्हीकडे बघायला हवा. आणि नुसता आज बघून भागत नाही. दवात, धुरळ्यात, उन्हात तो कसा राहतो तेही बघायला हवं. बेडकीच्या पुढच्या मडगार्डासारखा बाक असलेली आणि दिवसभर रानात फिरणारी एकच वस्तू आमच्या घरात होती. हरण्या बैलाची शिंगं.

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षीपासून हरण्याची दोन शिंगं दोन रंगांची व्हायला लागली. एका वर्षी एक पिवळं आणि एक निळं. दुसऱ्या वर्षी एक शेंदरी आणि एक गडद हिरवं. पोळ्याच्या तोरणाखाली सगळे बैल उभे राहिले की लोक आधी हरण्याकडे बघायचे. "काय बापू, औंदा बेडकी पिवयी का निई?" "एका बाजूनं पिवयी अन् दुसऱ्या बाजूनं निई करून टाका, म्हंजे दोन गाड्या असल्यावानी वाटते." बापू शांतपणे म्हणायचे, "हरन्या सांगन."

हरण्या सांगायचा तो संक्रांतीला. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत जो रंग टिकला तो पुढे विचारात घ्यायचा, जो उतरला तो वहीत खोडायचा, असा नियम. माझ्याकडे काम नोंदीचं. बापू नारळाच्या करवंट्यांमध्ये रंग कालवायचे, मी करवंट्यांवर एक आणि दोन असे आकडे घालायचे, कशात किती थेंब पडले ते लिहायचे आणि कोणत्या शिंगाला कोणता रंग लागला तेही. पोळ्याला निघण्याआधी घरासमोर बैलांना ओवाळायची आमच्याकडे पद्धत आहे. बापूंचं रंगवणं नेहमी शेवटच्या घटकेपर्यंत चालायचं, म्हणून मी हरण्यासमोर उभी असायचे, हातात ओवाळायचं ताट आणि ताटाखाली वही.

त्यांना हवा होता तो रंग सापडायला मात्र अंबाडी कारणीभूत झाली. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अंबाडी असते. तिची लाल बोंडं तुम्ही लहानपणी तोडून खाल्ली आहेत आणि तोंडं आंबट केली आहेत. एक दिवस ते एक बोंड घेऊन आले, माझ्या खिडकीत उन्हासमोर धरलं आणि मग ओंजळीत झाकलं. "पाहा. सावलीत काया, उन्हात लाल. हाच." मी म्हणाले, "याला वाइन रेड म्हणतात." ते म्हणाले, "गावात वाइन म्हनू नका वयनी, लोक माह्यावर नजर ठेवतीन." वहीत त्याचं नाव अंबाडी लिहिलं गेलं.

तुम्ही दोघं इथे होतात तो त्यानंतरचाच पोळा. आठवतं का, ईशानला हरण्याच्या पाठीवर बसवलं होतं आणि अन्वीने बेडकीच्या दुसऱ्या सीटवर बसून सगळ्यांचे फोटो काढले होते. बापूंनी तेव्हा तुम्हाला वचन दिलं, की रंग लागला की बेडकी पहिल्यांदा फाटकाबाहेर काढायची ती थेट लोणारच्या सरोवरापर्यंत. रंगाशिवाय ती फाटकाबाहेर न्यायला ते तयार नव्हते. "नवरदेव काय बनियनवर निघते का?" असं ते म्हणायचे. त्या पोळ्याला दोन्ही करवंट्यांत अंबाडीच होती. पहिलीत लालमध्ये निळ्याचे अकरा थेंब, दुसरीत काळ्याचे नऊ. शिंगांवर लागल्यावर दोन्ही सारखेच दिसत होते, मला तर फरक कळलाच नाही. मी लिहिलं: १, डावं शिंग. २, उजवं शिंग.

संक्रांतीला बापू तिळगूळ घ्यायला आले तेच हसत. "वयनी, वही काढा. उजवं शिंग पास झालं. डावं पार मातेरं झालं." मी वही उघडून वाचलं: उजवं, नंबर दोन, काळ्याचे नऊ थेंब. त्यांनी मान हलवली. पण बेडकीला लावण्याआधी खात्री करायची म्हणून पुढच्या पोळ्याला त्यांनी तोच रंग पुन्हा शिंगांना लावला. संक्रांतीपर्यंत तो मळक्या विटेसारखा झाला.

मग पुढचे दोन पोळेही असेच गेले. काळ्याचे सात थेंब, बारा थेंब, दुसऱ्या डब्यातला लाल... अंबाडी पुन्हा येईना. बापू आपल्या हाताला दोष द्यायला लागले. ब्रश धरून हात पुढे करायचे आणि बघायचे, कापतो का. मीही त्यांना बोललेच. मोजून काही करत नाही तुम्ही, अंदाजाने थेंब टाकता, असं. एकदा ते दाराशी बराच वेळ घुटमळले आणि म्हणाले, "वयनी, मले असं वाटून राह्यलं का त्याच्यात निया होता." मी वही आणली. ओळीवर बोट ठेवलं. "हे पाहा, बापू. निळा नाही, काळा." त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "वहीत हाये म्हंजे हाये."

ते वाक्य मी आता रोज ऐकते.

या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पोळ्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून गजूने माझ्यासाठी गोठ्याच्या भिंतीशी खुर्ची टाकली. बैल घराकडे तोंड करून उभे होते, म्हणजे मी त्यांच्या पाठीमागे होते, नेहमी बापू असायचे तिथे. ताट गजूच्या बायकोने, वैशालीने, धरलं होतं. बापूंनी रंग लावला, मी लिहून घेतलं. वैशालीने हरण्याला कुंकू लावलं आणि हात मागे घेत म्हणाली, "अवो मोठ्याई, डाव्या शिंगाचा रंग ओलाच हाये, हाताले लागला." मी पाहिलं. तिने धरलं होतं ते उजवं शिंग. मी म्हणाले, "ते उजवं गं." "डावं होये, मोठ्याई. माह्या डाव्या हाताले नाई का?"

ती समोरून बघत होती. मी मागून.

मी गजूला माझ्या कपाटातली जुनी वही आणायला सांगितली. ते पान काढलं. सगळी वर्षं मी वैशालीच्या जागी उभी राहून लिहिलं होतं, माझ्या डाव्या हाताला जे शिंग ते डावं. आणि बापू, जन्मभर गाडीवर बसून बैल हाकलेला माणूस, तेच शब्द बैलाच्या मागून वाचत होता. आधीच्या वर्षांत पिवळं-निळं होतं, तेव्हा डाव्याउजव्याने काही बिघडलं नाही. पण ज्या एका वर्षी दोन्ही शिंगं सारखी दिसत होती, त्या वर्षी मी त्यांना चुकीचा रंग लिहून दिला होता. टिकलेल्या शिंगावर नंबर एक होता. निळा.

बापू पंपाशी बसून रॉकेलमध्ये ब्रश धूत होते. मी गजूचा हात धरून त्यांच्यापर्यंत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश ठेवला, उठले, हरण्याच्या समोर जाऊन उभे राहिले. मग मागे येऊन उभे राहिले. पुन्हा समोर गेले. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "म्हंजे बैल खरं सांगून राह्यला होता अन् आपन वही वाचून राह्यलो होतो."

मी म्हणाले, "चूक माझी आहे, बापू. तीन वर्षं..."

"चूक कायची?" ते म्हणाले. "तुम्ही बैल पुजले, म्या हाकलले. तुम्ही कधी मांगून पाह्यलाच नाई त्याले." मग माझ्याकडे न बघता ब्रश पुन्हा उचलला आणि म्हणाले, "बरं झालं. सायकलीचं फिटलं आज."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. इतक्या वर्षांत त्या हिरव्या सायकलीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नव्हतं, मला वाटायचं ते विसरले.

त्याच वेळी, बैल तोरणाला जायचे थांबवून, त्यांनी हरण्याच्या उजव्या शिंगावरचा रंग फडक्याने पुसला आणि करवंटीत नवा कालवला. लाल, निळ्याचे अकरा थेंब. थेंब या वेळी आम्ही दोघांनी मोठ्याने मोजले. हरण्या पुरणपोळीसाठी मान फिरवत होता आणि बापू त्याला "थांब बे, तुह्याचसाठी चालू हाये सारं" असं म्हणत होते. गजू म्हणाला, आता तर कळलं ना, डायरेक्ट बेडकीलेच लावा. बापूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "संक्रांत पाहू," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या सीटवर बसाल ना वयनी? वही घेऊन?" मी म्हणाले, "पोरांना नेणार म्हणालात ना लोणारला." ते म्हणाले, "त्याईले दुसऱ्या फेरीत नेऊ."

त्यानंतर ते रोज सकाळी हरण्याच्या मागे उभे राहून शिंगाकडे बघायचे आणि मग शेतावर जायचे. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशीही तसेच गेले...

तेराव्यानंतर गजू माझ्याजवळ येऊन बसला. खामगावच्या एका वर्कशॉपमध्ये तो बोलून आला होता. तुम्ही येण्याआधी बेडकी रंगवून तयार होईल, असं त्यांनी सांगितलं होतं. "मोठ्याई, आता काऊन थांबाचं? कोनता रंग ते तर माहीत हाये." तो चुकीचं बोलत नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला त्याच दिवशी हो म्हणायचं होतं. बेडकी अंबाडीच्या रंगात झळकत फाटकाबाहेर गेली असती तर माझ्या वहीतलं ते पान निदान झाकलं तरी गेलं असतं. मी त्याला सांगितलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत गोठ्यात गेले, आणि माझी पावलं सवयीने हरण्याच्या समोर जाऊन थांबली. मग मी फिरून त्याच्या मागे गेले. तिथून उजवं शिंग पाहिलं. रंग छान होता. पण तीन वर्षं प्रत्येक रंग दिवाळीपर्यंत छानच असायचा. नऊ काळे थेंबही याच दिवसांत मला खात्री देत होते. वहीत आहे म्हणून खरं मानायचं, ही चूक मी एकदा केली आहे. गजूला मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "बापूबी हेच म्हनले असते."

म्हणून, पोरांनो, डिसेंबरात बेडकी करडी असेल. वाईट वाटून घेऊ नका. कदाचित संक्रांतीला हाही रंग उतरेल, आणि मग काय करायचं ते मला ठाऊक नाही, कारण विचारायला दाराशी कुणी येणार नाही. तुम्ही आलात की ईशानने दुसऱ्या सीटवर बसून पाहावं, आणि मग दोघांनी गोठ्यात यावं. माझी खुर्ची मी तिथेच ठेवली आहे, हरण्याच्या मागे, भिंतीशी. तिच्याशेजारी करवंटी आहे. तिच्यावर माझ्या अक्षरात एकचा आकडा आहे आणि आतला रंग वाळून तिला चिकटला आहे. बापूंनी ती धुवायची ठेवली होती, मी धुतली नाही.

वहीत आता मी शिंगापुढे 'बैलाचं' असा एक शब्द जास्त लिहिते. आजची नोंद अशी आहे: हरण्या. बैलाचं उजवं शिंग. दव पडलेलं. रंग जसाच्या तसा, सावलीत काळा. ऊन अजून गोठ्यात आलं नव्हतं, म्हणून बसून राहिले.